विमान अजून हवेत होतं

नोव्हेंबर, तिसरा आठवडा

सांगली जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. बाईंचं वय ५३, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा पुण्यात हिंजवडीला नोकरीला. दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या बहिणीने हट्ट धरून एका विवाहविषयक संकेतस्थळावर, पुनर्विवाहाच्या विभागात, बाईंचं नाव घातलं. तिसऱ्या दिवशी एका माणसाचा निरोप आला. वय ५६, विधुर, लंडनच्या रुग्णालयात हाडांचा डॉक्टर, वडील पुण्याचे, आई इंग्रज.

चौथ्या दिवशी त्याने व्हॉट्सॲप नंबर मागितला. संकेतस्थळावर मोकळेपणाने बोलता येत नाही, असं त्याचं म्हणणं. बाईंनी नंबर दिला.

संकेतस्थळावर खात्याविरुद्ध तक्रार करता येते, आणि एकाच खात्याबद्दल चार बायकांनी तक्रार केली तर ते बंद होऊ शकतं. व्हॉट्सॲपवर गेलं की या चौघींचा एकमेकींशी संबंध उरत नाही. त्याचा नंबर +४४ने सुरू होत होता. हा ब्रिटनचा संकेतांक. पण असे नंबर इंटरनेटवर विकत मिळतात आणि ते वापरायला ब्रिटनमध्ये असावं लागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही कुणा एका बाईची हकीकत नाही. सायबर पोलिसांकडे येणाऱ्या अशा तक्रारींचा साचा ठरून गेला आहे. बाई, त्यांचं गाव, रकमा आणि वेळा मी त्या साच्यावर बसवल्या आहेत. नियम, यंत्रणा आणि बाहेरचे आकडे मात्र खरे आहेत.

डिसेंबर

रोज सकाळी ६:०५ला त्याचा 'गुड मॉर्निंग' यायचा. बाईंचा चहा तेव्हा गॅसवर असायचा.

हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. आपले ६:०५ म्हणजे तिथे मध्यरात्र उलटून पस्तीस मिनिटं. आठवड्यातून एखाद्या दिवशी रात्रपाळी असेल, पण रोज? बाईंनी एकदा विचारलंही. 'तुझी सकाळ माझ्या निरोपाने व्हावी म्हणून जागतो,' असं उत्तर आलं. हिशेबात न बसणारी गोष्ट प्रेमाच्या खात्यावर मांडली गेली.

फोटो एकूण अकरा. गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला एक, बर्फातला एक, कुत्र्याबरोबरचे दोन. असे फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचे असतात, त्याच्या फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरून उचललेले. गूगल लेन्सवर फोटो टाकून तो आणखी कुठे दिसतो ते पाहायला मिनिटभर पुरतं. काही सापडलं नाही म्हणून माणूस खरा ठरत नाही, पण सापडलं तर प्रश्न तिथेच मिटतो. बाईंना ही सोय माहीत होती. मागच्या वर्षी परसातल्या एका रोपाचं नाव त्यांनी तिच्यावरच शोधलं होतं. माणसासाठी तिचा उपयोग करावा, हे त्यांच्या मनात आलं नाही.

व्हिडिओ कॉल एकदाच झाला, चाळीस सेकंदांचा. चित्र धूसर, आवाज तुटक. रुग्णालयाच्या तळघरात नेटवर्क नाही, असं तो म्हणाला. हल्ली चेहरा बदलणारी सॉफ्टवेअरं असल्याने स्वच्छ व्हिडिओ कॉलसुद्धा पुरावा धरता येत नाही. धूसर कॉल तर नाहीच नाही.

समोर बहुतेक वेळा एकच माणूस नसतो. एक फोन दोन-तीन जण पाळीपाळीने सांभाळतात, कुणाशी काय बोलणं झालं याची टिपणं ठेवतात. म्यानमारच्या म्यावाडी भागात याचे कारखानेच उभे राहिले, आणि तिथे बसून टाइप करणारे कित्येक जण स्वतः नोकरीच्या आमिषाने नेलेले, कोंडून ठेवलेले होते. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा केंद्रांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे परत आणलं. बाईंच्या फोनच्या पलीकडे म्यानमार होतं की दिल्लीच्या उपनगरातली एखादी खोली, हे आज सांगता येणार नाही. पद्धत दोन्हीकडे सारखीच.

जानेवारी

त्याने बाईंना काय दिलं, हे इथे लिहिलंच पाहिजे. नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

९ जानेवारीला बाईंची साखरेची तपासणी होती. १० तारखेला त्याने विचारलं, 'रिपोर्ट आला का?' शाळेच्या पोषण आहाराच्या तपासणीला अधिकारी येणार होते, त्या दिवशी दुपारी त्याचा निरोप आला: 'झाली का तपासणी? जेवलीस का?' सहा वर्षांत बाईंना हे कुणी विचारलं नव्हतं. मुलगा दर रविवारी फोन करायचा, तब्येत विचारायचा, तो चांगलाच मुलगा आहे. पण मंगळवारी दुपारी तुम्ही जेवलात का, हे मुलगे विचारत नाहीत.

पैशाचा विषय तेरा आठवड्यांत एकदाही निघाला नाही. फसवणारे पैसे मागतात, एवढं बाईंना ठाऊक होतं. हा मागत नव्हता. म्हणून तो फसवणारा नव्हता.

एक गोष्ट मात्र त्याने मागितली. 'आपली भेट होईपर्यंत घरी कुणाला सांगू नकोस. मला तुझ्या मुलासमोर उभं राहून बोलायचं आहे.' बाईंना यात अदब दिसली. बहिणीने दोनदा विचारलं, 'ताई, त्या साइटवर कुणी बरं आलं का गं?' बाई म्हणाल्या, 'कुठलं काय.'

या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महाग पडलेली गोष्ट हीच होती, असं मला वाटतं. पुढच्या प्रत्येक रकमेच्या वेळी दुसऱ्या एका माणसाच्या कानावर गोष्ट गेली असती तर ती त्याच रकमेपाशी थांबली असती.

फेब्रुवारी, बुधवार, रात्री ९:१२

विमानाच्या तिकिटाचा फोटो आला. हीथ्रोहून दिल्ली, त्या रात्री ९ वाजता सुटणारं. दिल्लीहून पुढे कोल्हापूर. बाईंनी दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज दुपारीच दिला होता. कारण: घरगुती.

तिकिटावर प्रवाशाचं नाव एका जाडीच्या अक्षरात होतं, बाकी सगळा मजकूर दुसऱ्या. फोटो मोठा करून पाहिला असता तर ते दिसलं असतं.

गुरुवार, पहाटे २:४७

'विमानात बसलो. आता फोन बंद.' लंडनचे रात्रीचे ९ म्हणजे आपले पहाटेचे २:३०. लंडनहून दिल्लीला थेट विमानाला साधारण साडेआठ तास लागतात. विमान उतरायला सकाळचे ११ वाजणार होते.

सकाळी ८:४१

फोन वाजला. बाईचा आवाज, हिंदी, कामकाजी सूर. 'दिल्ली एअरपोर्ट कस्टम से बोल रही हूँ.' तुमच्या नावाचा संदर्भ देणारा एक प्रवासी आमच्या ताब्यात आहे. त्याच्याकडे ६० हजार पौंडांचा डिमांड ड्राफ्ट सापडला असून त्याने तो जाहीर केला नव्हता.

२:३० ते ८:४१ म्हणजे सहा तास अकरा मिनिटं. विमान अजून हवेत होतं.

सकाळी ८:४७

फोन त्याच्या हातात देण्यात आला. आवाज बसका, हुंदका दाबलेला. 'इथे माझं कुणी नाही. फक्त तू आहेस.'

सकाळी ८:५५

कस्टमच्या बाईंनी शुल्क सांगितलं: ४८,५०० रुपये, नोंदणीसाठी. तासाभरात भरले तर सोडू, नाही तर गुन्हा दाखल होईल.

परदेशातून येणारा प्रवासी कितीही परकीय चलन भारतात आणू शकतो. नोटा ५,००० डॉलरच्या वर असतील, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश मिळून १०,००० डॉलरच्या वर जात असतील, तर विमानतळावर एक घोषणापत्र भरायचं असतं. कस्टम खातं प्रवाशाच्या नातेवाइकाला फोन करून पैसे मागत नाही. त्यांच्या अधिकृत पत्रावर 'डिन' नावाचा क्रमांक असतो आणि तो खरा आहे की नाही, हे सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतं. हे वाचायला वेळ लागतो. तासाभराची मुदत त्यासाठीच घातलेली असते.

सकाळी ९:१०

व्हॉट्सॲपवर खात्याचा तपशील आला. बचत खातं. खातेदार म्हणून एका व्यक्तीचं नाव आणि आडनाव. आयएफएससी कोडमधली पहिली चार अक्षरं बँकेची असतात, पाचवा शून्य, शेवटचे सहा आकडे-अक्षरं शाखेची. कोड शोधून पाहिला की शाखा कळते. ती दिल्लीपासून हजारेक किलोमीटरवरची होती.

बाईंनी विचारलं, 'हे तर माणसाचं नाव आहे?' उत्तर तयार होतं: 'आमचे अकाउंट्स ऑफिसर आहेत.' बाईंनी विचारलं, ही नोंद इथे राहू द्या. त्यांना शंका आली होती.

सकाळी ९:२६

यूपीआयने ४८,५०० रुपये गेले. पावतीसाठी बाई थांबल्या. पावती आली नाही.

असे पैसे पहिल्या खात्यात रेंगाळत नाहीत. ते खातं बहुतेकदा भाड्याचं असतं. कुणी गरजू मुलगा, कुणी मजूर थोड्या पैशांसाठी आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हातात देऊन बसलेला असतो. तिथून रक्कम फुटून पुढच्या खात्यांत जाते, काही एटीएममधून रोख निघते, काही क्रिप्टोत बदलते. प्रत्येक टप्प्यागणिक ती परत मिळण्याची शक्यता कमी होते.

सकाळी ९:५८

दुसरी मागणी. मनी लाँडरिंगविरोधी प्रमाणपत्रासाठी १,८५,००० रुपये, वेगळ्या खात्यात.

बाईंनी मोबाइलवरून पाठवायचा प्रयत्न केला. बँकेच्या ॲपने नकार दिला: नवीन खातेदाराला पहिल्या २४ तासांत ५०,०००पर्यंतच. हा अडथळा बँकेने नेमका अशा सकाळींसाठी ठेवलेला असतो. पलीकडच्या बाईंना तो पाठ होता. 'शाखेत जा. नातेवाइकाला पाठवतेय म्हणून सांगा. केस चालू आहे, कुणाशी बोललात तर त्यांच्यावरच बालंट येईल.'

सकाळी १०:५२

बँकेची शाखा. खिडकीवरच्या मुलीने फॉर्म पाहिला. एप्रिल २०२५पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करण्याआधी ज्याला पैसे जाणार त्याचं नाव दाखवण्याची सोय आहे. पडद्यावरचं नाव तिने वाचून दाखवलं.

'मॅडम, ओळखीचे आहेत ना?'

'हो. नातेवाईक.'

रांगेत मागे पाच जण होते. मुलीने शिक्का मारला.

सकाळी ११:००

विमान उतरण्याची वेळ. बाई रिक्षात होत्या.

दुपारी १:१५

मुलाचा फोन. गुरुवारी तो सहसा करत नाही. कुरिअरसाठी घराचा पिनकोड नीट हवा होता.

'आई, आवाज असा का येतोय?'

'सर्दी झालीय रे.'

'औषध घे. रविवारी बोलू.'

फोन एक मिनिटाच्या आत संपला. तोवर २,३३,५०० रुपये गेले होते. आणखी ४,६०,००० जायचे होते.

दुपारी २:०५

ईमेल. वर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह, खाली सही आणि गोल शिक्का. ६० हजार पौंड रुपयांत बदलून बाईंच्या खात्यात जमा होतील, त्याआधी ४,६०,००० रुपये भरायचे. ही रक्कमही परत मिळेल. इंग्रजीतल्या 'गव्हर्न्मेंट' शब्दातलं एक अक्षर गाळलेलं होतं. मुलांच्या वह्या तपासताना ही चूक बाईंच्या नजरेतून कधी सुटली नसती.

रिझर्व्ह बँक कुणाही व्यक्तीचं खातं ठेवत नाही, आणि पैसे सोडवण्यासाठी कुणाकडून शुल्कही घेत नाही. असल्या पत्रांबद्दल ती वर्षानुवर्षं सावध करत आली आहे.

दुपारी २:४०

पतसंस्था. बाईंची ३ लाखांची मुदत ठेव इथे होती. बाकीच्यासाठी सोनेतारण कर्ज. हातातल्या दोन पाटल्या बाईंनी काउंटरवर काढल्या. डावी सहज निघाली, उजवीला साबणाचं पाणी लागलं. पतसंस्थेच्या सोनाराने त्या कसोटीवर घासून वजन केलं आणि चिठ्ठी लिहिली.

कारकून त्यांच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. 'बाई, ठेव कशाला मोडताय? पुढच्याच महिन्यात मुदत भरतेय. आता मोडलीत तर व्याज कापलं जाईल.'

'मुलाच्या फ्लॅटचं आहे.'

'मग दादांना फोन करून विचारू का, महिनाभर थांबतील तर?'

बाई म्हणाल्या, 'नको. तो मीटिंगमध्ये असतो.'

त्या दिवसभरात हा एकच माणूस दुसरा प्रश्न विचारायला थांबला.

दुपारी ३:४८

आरटीजीएसने ४,६०,००० रुपये गेले. बाईंच्या हातात पावती आली. तिच्यावर बावीस अक्षरांचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक. ती त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. या तिन्ही व्यवहारांत पुढे उपयोगी पडणारी हीच एक गोष्ट होती, आणि ती अजाणता नीट ठेवली गेली.

दुपारी ४:३०

'उद्या सकाळी मी तुझ्यासमोर असेन.'

संध्याकाळी ५:१०

चौथी मागणी: आयकर, ७,२०,००० रुपये. बाईंनी सांगितलं, आता काही उरलं नाही. पलीकडचा आवाज बदलला. मुख्याध्यापिका आहात ना, शाळेचा फंड नाही का? शेतीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?

सातबाऱ्याचं त्यांनी फक्त त्याला सांगितलं होतं, डिसेंबरात.

संध्याकाळी ५:३२

बाईंनी फोनवर शोधलं: लंडन डॉक्टर, दिल्ली विमानतळ, कस्टम, लग्न. बातम्यांची यादी आली. वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या वर्षांतल्या. दुसरी बातमी वाचताना त्या थांबल्या. तीच वाक्यं होती.

संध्याकाळी ५:५०

या क्षणी शेवटच्या मोठ्या रकमेला दोन तास दोन मिनिटं झाली होती.

१९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठी देशभरचा क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदवली की ती केंद्रीय गृहखात्याच्या प्रणालीतून ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते. पैसे अजून तिथे असतील तर बँक ते गोठवते, पुढे सरकले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे जाते. यंत्रणा पैशांच्या मागे धावते. किती अंतरावरून धावायला लागायचं, हे फोन कधी येतो त्यावर ठरतं. म्हणून पोलीस पहिल्या काही तासांना एवढं महत्त्व देतात.

बाईंकडे फोन होता, यूटीआर होता, वेळ होता. त्यांनी फोन केला नाही.

मला या लेखात सगळ्यात जास्त इथेच थांबायचं आहे. मागची सगळी पावलं फसवणाऱ्यांनी आखलेली होती. हे पाऊल मात्र आपण सगळ्यांनी मिळून आखलेलं आहे. पोलीस ठाण्यात नाव सांगावं लागेल, गावात कळेल, स्टाफरूममध्ये बोललं जाईल. या वयात? मुख्याध्यापिका असून? मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल? हे प्रश्न बाईंना कुणी अजून विचारले नव्हते. पण दुसऱ्या बायकांबद्दल ते विचारले जाताना त्यांनी ऐकलं होतं.

शिकलेली बाई कशी फसली, असं विचारणाऱ्यांसाठी एक माणूस. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एल्कहार्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या हार्टलँड ट्राय-स्टेट बँकेचे तेव्हाचे प्रमुख शॅन हेन्स. पैसा हाच त्यांचा व्यवसाय. व्हॉट्सॲपवर झालेल्या ओळखीतून ते क्रिप्टो गुंतवणुकीच्या अशाच जाळ्यात गेले. चर्चचे ४० हजार डॉलर, मुलीच्या शिक्षणाचे ६० हजार, आणि २०२३च्या मे ते जुलैमध्ये बँकेचे ४ कोटी ७१ लाख डॉलर त्यांनी पाठवले. २८ जुलै २०२३ला बँक बंद झाली. पुढच्या वर्षी त्यांना २४ वर्षं ५ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांनी दुसऱ्यांचे पैसे चोरले, बाईंनी कुणाचा रुपया घेतला नाही, एवढा फरक आहेच. पण अक्कल असली की माणूस वाचतो, हे त्या बँकेकडे पाहून म्हणता येत नाही. २०२४ या एका वर्षात भारतात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं. एवढा आकडा मूठभर भोळ्या माणसांचा नसतो.

रात्री ७:०५

बाईंनी त्याला लिहिलं: 'हे सगळं खोटं आहे का? फक्त एवढं सांग.' निरोपावर एकच टिक आली. त्याचा फोटो दिसेनासा झाला होता.

रात्री ९:४०

तेरा आठवड्यांचं संभाषण बाईंनी पुसून टाकलं. कुणाच्या हाती लागू नये म्हणून. नंबर, खात्यांचे तपशील, तिकिटाचा फोटो, आवाजाच्या चार फिती, सगळं गेलं. तपासात हाच पुरावा असतो. काही पुसायचं नाही, दिसेल त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, हे त्यांना सांगायला जवळ कुणी नव्हतं.

शुक्रवार, सकाळी १०:२०

रजा रद्द करून बाई शाळेत गेल्या. परिपाठाला उभ्या राहिल्या. चौथीच्या वर्गावर गुरुजी आले नव्हते, तिथे त्यांनी दोन तास घेतले. शेवटच्या रकमेला साडेअठरा तास झाले होते.

शनिवार, सकाळी ११:२०

सकाळची शाळा सुटली होती. पोषण आहाराची नोंदवही सहीसाठी पुढे करताना एका शिक्षिकेचं लक्ष बाईंच्या मनगटांवर गेलं. 'बाई, पाटल्या कुठं गेल्या?'

कुणी थेट विचारलं, असं दोन दिवसांत पहिल्यांदा घडत होतं. बाईंनी सही केली, वही मिटली, आणि सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं.

त्या शिक्षिकेने 'कसं काय' असं विचारलं नाही. तिने दार लोटलं आणि स्वतःच्या फोनवरून १९३० लावला. हे ज्याला जमतं त्याने अशा वेळी सगळ्यात मोठी मदत केलेली असते.

सकाळी ११:५२

फोन लागला. पलीकडच्या पोलिसाने क्रमाने विचारलं: तुमचं नाव, मोबाइल, कुठल्या बँकेतून, खाते क्रमांक, कुठल्या तारखेला किती वाजता, किती रुपये, कुठल्या खात्यात, यूटीआर. बाईंनी पर्समधून पावती काढून बावीस अक्षरं वाचून दाखवली. यूपीआयचा क्रमांक बँकेच्या ॲपवर मिळाला. चॅट नव्हतं.

पहिल्या रकमेला ५० तास २६ मिनिटं झाली होती. शेवटच्या रकमेला ४४ तास ४ मिनिटं.

पोचक्रमांकाचा एसएमएस आला. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर सविस्तर तक्रार भरायची, पावत्यांच्या प्रती जोडायच्या आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जायचं, असं सांगण्यात आलं.

दुपारी २:३०

बाईंनी मुलाला फोन केला. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, 'आई, दार आतून लावून घे, जेव. मी निघालोच.' रात्री तो घरी होता.

पुढचे दिवस

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) आणि ३१९(२)खाली फसवणूक आणि तोतयेगिरीचा, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ डखाली गुन्हा नोंदला गेला. बँकेकडून भरपाईची आशा नव्हती. ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांत त्याचं दायित्व मर्यादित ठेवणारं परिपत्रक रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ला काढलं होतं, पण ते अशा ठिकाणी लागू होत नव्हतं. फॉर्म बाईंनी भरला होता, सही त्यांची होती.

एकूण रक्कम ६,९३,५०० रुपये. गोठवता आली ती २३,६४०, तीही तिसऱ्या टप्प्यावरच्या एका खात्यात. रीतसर प्रक्रिया झाली की ती मिळेल. बाकी पैसे गुरुवारी रात्रीपर्यंत चार राज्यांतल्या खात्यांतून निघून गेले होते.

अठरा दिवसांनी, बुधवार, दुपारी ४:२०

अनोळखी नंबर. 'सायबर सेलमधून बोलतोय. मॅडम, तुमचे साडेसहा लाख सापडलेत.' त्याला बाईंचं नाव माहीत होतं, रक्कम माहीत होती, गुरुवारची तारीख माहीत होती. पैसे सोडवायला प्रोसेसिंगचे १२,४०० रुपये लागतील, आज सहाच्या आत.

एकदा फसलेल्या माणसांच्या याद्या पुढे विकल्या जातात. पैसे परत मिळवून देतो म्हणणारे त्या यादीवरूनच फोन लावतात.

बाईंनी विचारलं, 'तुमचं पूर्ण नाव, हुद्दा आणि ठाणं सांगा. मी मुलाला घेऊन तिथेच येऊन भरते.'

फोन ठेवला गेला. ४:२६ला बाईंनी तपास अधिकाऱ्यांना तो नंबर कळवला. त्यांनी तसा फोन केलेला नव्हता. ४:४०ला बाईंनी तो नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलच्या 'चक्षू' सुविधेवर नोंदवला. मग बहिणीला फोन लावला आणि कागद-पेन घ्यायला सांगितलं. तिच्या शेजारणीलाही कुणी कॅनडाचा इंजिनिअर रोज निरोप पाठवतो, असं बहीण मागच्या आठवड्यात बोलली होती.